लाल बटण

३ जून
मारतहळ्ळीचा शेवटचा खांब उभा केला. वर कॅमेरा, मधोमध लाल बटण. संकटात दाबायचं, कंट्रोल रूम बोलणार. कंट्रोल रूमला अजून दारं नाहीत! शेजारी फुलं विकणारी अक्का म्हणाली, "हे आमच्यासाठी पण काय रे तम्मा?" धाकट्या भावासारखं तम्मा म्हणते मला. म्हटलं, होय अक्का, सगळ्यांसाठी.

४ जून
उद्या तपासणी. कंपन्यांचे नंबर काढणार. पहिली येईल तिला सर्जापूर रोडचं काम. सुपरवायझर म्हणाला, "तेरा कन्नड अच्छा है ना?" आणि बटण दाबलं की माझा मोबाईल वाजेल असं जोडून घेतलं. निपाणीचा आठवी नापास, मीच कंट्रोल रूम. आधी हसू आलं. मग डोकं फिरलं.

५ जून
मला खांबाजवळच्या पत्र्याआड बसवलं. तपासणीच्या मॅडमनी बटण दाबलं. मी मोबाईलवर बोला म्हटलं, कन्नडमध्ये: "हेळी मॅडम, कंट्रोल रूम." मॅडम खूश. शेरा: लगेच उत्तर. सुपरवायझरनं पाठ थोपटली. थुंकावंसं वाटलं.

९ जून
आमची कंपनी पहिली. बिर्याणी झाली. आता तरी बटणावरनं माझा मोबाईल नंबर काढा म्हटलं. "होगा, होगा." कधी?

१२ जून
बोम्मसंद्र्याच्या यार्डात लोखंड उतरवत होतो. मोबाईल वाजला. अक्काचा आवाज! "बेग बन्नी सर, बेग बन्नी!" नवरा रस्त्यात कोसळलेला. लवकर या म्हणत होती, मला सर म्हणत होती. सांगू काय, की मीच आहे? अॅम्ब्युलन्सला फोन केला. खांबाला उलट फोन लागत नाही. काम टाकून बस धरली, ट्रॅफिकात सडलो. पोचलो तर टोपली आडवी, शेवंती तुडवलेली. चहावाला म्हणाला, गाडी आली, पण फार वेळानं. माणूस जगला का? त्याला ठाऊक नाही.

१३ जून
सुपरवायझरची कॉलर धरली. म्हणतो, "सिम निकाल दे. बजेगा ही नहीं, टेंशन खतम." टेंशन ह्याचं! लोकांनी नुसतं बटण दाबत बसायचं? सिम काढलं नाही. बटणावर काळी टेप मारली, वर कन्नडमध्ये लिहिलं, चालत नाही.

१४ जून
टेप काढून टाकली कुणीतरी. परत मारली.

१९ जून
अक्काची जागा रिकामीच. कुठल्या हॉस्पिटलात नेलं, कुणी सांगेना.

२३ जून
सर्जापूरचा पहिला खांब तयार. उद्या त्याच मॅडम. मला परत पत्र्याआड बसायचंय. "पिछली बार जैसा बोलना." सरी, ठीक आहे, म्हटलं. नोकरी गेली तर कंपनीच्या शेडमधली खाटही जाणार. घरी काय सांगायचं, बघू.
फोन उचलणार, आणि मॅडमना सांगणार, कंट्रोल रूम नाही, पत्र्याआड मी आहे. काय बोलायचं ते कन्नडमधून दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा आवाज थरथरला नाही.