डेन्मार्क सात, सामोआ दहा

४ ऑगस्ट, रविवार. जेवणानंतर.
आजपासून तक्ता सुरू. डावीकडे डेन्मार्क, उजवीकडे सामोआ. ओळी चाळीस. मुलगी सुलिया डेन्मार्कमधल्या ज्या वृद्धाश्रमात अर्धवेळ काम करते, तिथेच तिला कायमची नोकरी देऊ केली आहे. हो की नाही, ते तिने ३१ ऑक्टोबरपर्यंत कळवायचं. एकदा सही झाली की पोर गेली. तिच्यासोबत जावई रास्मुस आणि सात महिन्यांची नात इडाही. फोनवर मी म्हटलं, सही करण्याआधी दोन्ही देशांचा नीट अभ्यास व्हायला हवा, तो मी करतो. ती म्हणाली, करा ना बाबा, पाठवा, मी वाचते.
म्हणजे मन डळमळतंय. तक्ता चोख हवा. नाताळपर्यंत तिघंही इथे.

५ ऑगस्ट.
पद्धत पक्की केली. संख्याशास्त्राचं पुस्तक माझ्याकडे आहे. राजधानी आपियाच्या लायब्ररीने टाकून दिलं तेव्हा उचललं होतं. पहिली चौतीस पानं नाहीत. प्रस्तावना वगैरे असणार. उरलेलं कोणाच्या मदतीशिवाय तीनदा वाचलं आहे. बंदरावर बावीस वर्षं मी बोटीत चढणाऱ्या मालाचं वजन घेतलं, एका पोत्याची चूक नाही. दोन देश तोलायला काय हरकत आहे.

७ ऑगस्ट.
ओळ १, वेळ. आपण अकरा तास पुढे. सामोआ +१.
ओळ २, घर. रास्मुसने टेप लावून फ्लॅट मोजला. माणशी एकोणतीस चौरस मीटर. (दशांश दिला नव्हता. मागवला. २८.७.) आमचं माणशी ६.२. पण त्यांच्या जागेला चारही बाजूंनी भिंत. आमच्याकडे खांब चौदा, भिंत शून्य; म्हणजे घर समुद्रापर्यंत जातं. तिथपर्यंत मोजलं. सामोआ +१.
मोएलांगी म्हणाली, पाऊस तिरपा आला की आपण चटया उचलून मधल्या दोन खांबांत बसतो, ती जागा पण मोजा. बायकोला पद्धतीतलं काही कळत नाही.

१० ऑगस्ट.
ओळ ५, मुलं. हे ऐकून पेन्सिल खाली ठेवली. तिकडे थंडीत बाळाला गाडीत घालून घराबाहेर झोपवतात. मुद्दाम. इडालाही. इतक्या भिंती बांधायच्या, त्या तापवायच्या, आणि बाळ बाहेर. सुलिया म्हणते, चांगली झोप लागते बाबा, सगळेच करतात. डेन्मार्क −३.

११ ऑगस्ट, रविवार. बापाचा दिवस.
सुलियाचा सकाळी फोन. तिकडे अजून शनिवार. (ओळ १ सिद्ध.) तिच्या वृद्धाश्रमात प्रेबेन नावाचे अठ्ठ्याऐंशी वर्षांचे गृहस्थ आहेत. ती त्यांना भरवते, नखं कापते, बागेत फिरवते. मुलगा दर दुसऱ्या रविवारी येतो, आधी कळवून.
ओळ ९, म्हातारपण. तिथे पगारी माणसं सांभाळतात. इथे मुली सांभाळतात. सामोआ +२.
मोएलांगीने विचारलं, कुठल्या मुली. सांगितलं, तक्ता देशाचा आहे, घराचा नाही.

१४ ऑगस्ट.
ओळ १२, पाहुणचार. तिकडे सख्ख्या नणंदेकडे जायचं तरी दोन आठवडे आधी विचारावं लागतं. इथे रस्त्याने जाणाऱ्याला प्रत्येक घरातून हाक, या, जेवायला या. लग्नाच्या वेळी रास्मुस आला होता तेव्हा आमच्या घरापासून समुद्रापर्यंत सात घरांनी हाक मारली आणि गडी सातही घरांत जाऊन जेवला. चौथ्या घरात चूलसुद्धा पेटली नव्हती, बिचाऱ्यांनी कोंबडी कापली. हाक मारणाऱ्याने मारायची असते आणि जाणाऱ्याने 'आत्ताच जेवलो' म्हणायचं असतं, हे त्याला कळेना. डेनिश माणूस तोंडातून निघालेलं सगळं खरं धरतो. डेन्मार्क −१.

१९ ते २३ ऑगस्ट.
ओळ १७, समाधान. तक्त्याचा कणा. एकच प्रश्न: आपण किती समाधानी आहात, शून्य ते दहा? गावातले त्रेचाळीस प्रौढ, एकही वगळला नाही. मताईला, म्हणजे माझ्यासारख्या घराण्याच्या प्रमुखाला, शोभेल असा पोशाख केला, कारण काम सरकारी दर्जाचं. प्रत्येकाच्या घरी जाऊन समोर मांडी घालून बसलो, वही उघडली, विचारलं.
निकाल: दहा. सगळे दहा. बस चालवणारा शेजारी सेफो म्हणाला, तुईलोमा, तुम्ही स्वतः विचारताय, तर अकरा लिहा. दहापर्यंतच आहे असं समजावून दहा लिहिलं. मोएलांगी अळूचे कंद सोलत होती. वर न बघता म्हणाली, दहा.
सरासरी १०.०. फरक शून्य. असा निर्दोष आकडा पुस्तकातल्या एकाही उदाहरणात नाही.

२५ ऑगस्ट.
डेन्मार्कची बाजू. सुलियाने तिघांना विचारलं. रास्मुस सात. प्रेबेन सात, म्हणाले, वाईट नाही. सुलिया स्वतः आधी म्हणाली, इडा उठली वाटतं. मग, सात बाबा.
मुलगी तीनने कमी सुखी आहे. आता आकड्यानेच सिद्ध झालं. जेवण जास्त गेलं.

६ सप्टेंबर.
सेफो आला. न्यूझीलंडमध्ये सफरचंदं तोडायला माणसं हवी आहेत, गावातून बाराजणांनी नावं दिली आहेत, त्याचंही आहे. फॉर्म भरायला माझ्यासारखा अक्षर सुबक असलेला माणूस हवा. मी वही काढून दाखवलं: बाराही जण दहापैकी दहा. मग जाता कशाला. सेफो हसला आणि म्हणाला, दहाच आहे हो, पण पत्रे गळतात.
तात्पुरती हालचाल आहे. समाधानाशी संबंध नाही. सध्या वेळ नाही, ऑक्टोबरनंतर बघू म्हटलं.

२२ सप्टेंबर.
पंचवीस ओळी पूर्ण. सामोआ १९ गुणांनी पुढे. डेन्मार्कला न्याय मिळावा म्हणून सायकलींचा एक गुण आपणहून दिला.
दवाखान्याची ओळ तूर्त कोरी. गावात नर्स नव्हती म्हणून विचारता आलं नाही. तीही सफरचंदांच्या यादीत आहे म्हणतात.

१३ ऑक्टोबर. मुलांचा रविवार.
चर्चमध्ये पांढऱ्या कपड्यांत मुलांनी वचनं म्हटली. मागच्या वर्षी एकेचाळीस, यंदा सव्वीस. जेवताना मुलं आधी, मोठे नंतर, हा नियम. तरी मोठ्यांपर्यंत भरपूर डुक्कर पोहोचलं. ओळ ३१: दर मुलामागे अन्नात ५७.७ टक्के वाढ. सामोआ +१.
मोएलांगी बाहेर जाऊन डोळे पुसून आली. धूर असावा. चूल मागच्या बाजूला आहे.

२० ऑक्टोबर.
तक्ता पूर्ण. अकरा पानं. दवाखाना आणि शाळा या दोन ओळी 'माहिती अपुरी' म्हणून सोडल्या, प्रामाणिकपणा दिसतो. फोनने एकेका पानाचा फोटो काढून पाठवला. सहावं पान हललं, परत काढलं. अंतिम: सामोआ २९, डेन्मार्क −३.
अर्ध्या तासात उत्तर. किती मेहनत घेतलीत बाबा. सगळं खरं आहे.
सगळं खरं आहे. दोनदा वाचलं. मोएलांगीला ऐकवलं. मागच्या बाजूला तिघांसाठी झोपायची जागा आखली. इडाची मधोमध.

२३ ऑक्टोबर.
नवीन खांबासाठी नीरफणसाचं झाड पाहून ठेवलं. सेफो म्हणाला, आधी येऊ तर द्या. त्याला आकडे वाचता येत नाहीत, त्याला काय बोलणार.

२७ ऑक्टोबर.
डेन्मार्कने घड्याळं एक तास मागे घेतली. आता आपण बारा तास पुढे, तेही काही न करता. तक्त्याला पुरवणी जोडून पाठवली.

३१ ऑक्टोबर.
फोन नाही. तिकडे दिवस उजाडायचा आहे.

१ नोव्हेंबर.
तिकडचा ३१ही संपला. संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजल्यावर मी मोएलांगीला म्हटलं, बहुतेक नोकरीला नकार कळवण्यात गुंतली असेल. मोएलांगीने चटई झटकली, अंथरली, बसली. म्हणाली, अहो, तिने जूनमध्येच सही केली.
जून. तक्ता ऑगस्टमध्ये सुरू केला.
विचारलं, तुला कधी कळलं. म्हणाली, त्याच दिवशी. मग मला का नाही सांगितलं. म्हणाली, तिनेच सांगायचं ठरवून फोन केला होता. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, मी अभ्यास करतो. बापाच्या तोंडावर नाही कशी म्हणेल ती, आणि बाप वर मताई. आपल्याकडे कोणी म्हणालंय का आजवर?
मी म्हटलं, तिने लिहिलंय, सगळं खरं आहे. म्हणाली, हो, लिहिलंय.
मग मी वही काढली आणि ओळ १७ दाखवली. त्रेचाळीस माणसं, माझ्या हाताने घेतलेली उत्तरं. मोएलांगीने त्या दहांच्या रांगेवरून बोट फिरवलं. म्हणाली, अंगात तो शर्ट, हातात पेन्सिल, स्वतः दारात येऊन बसलात. काय सांगतील माणसं? जावयाला हसलात, सात घरी जेवला म्हणून. तुम्ही तर त्रेचाळीस घरी जेवलात.
म्हटलं, तू पण दहा म्हणाली होतीस. म्हणाली, कंद सोलायचे होते.

२ नोव्हेंबर.
नोंद नाही.

५ नोव्हेंबर.
सुलियाचा फोन. रडली. मी म्हटलं, पुढच्या वेळी ओळी साठ ठेवू. ती रडता रडता हसली, मग परत रडली. डिसेंबरपासून तिला पूर्णवेळ कामावर जायचं आहे, इडाला कोणीतरी हवं. आईला पाठवाल का, फक्त नव्वद दिवस.
मी म्हटलं, तिला विचार. मोएलांगी माझ्या शेजारीच होती. माझ्याकडे बघत म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला खरंच विचारलं, तुला काय वाटतं. तिने चटईचा निघालेला धागा आत खोचला. मग म्हणाली, मला जायचंय हो.
दहाऐवजी पहिल्यांदा खरं उत्तर मिळालं, तर ते हे.

८ नोव्हेंबर.
पासपोर्टचा अर्ज भरला. जन्मतारखेवरून थोडा वाद, बायबलच्या मागच्या पानावरची ग्राह्य धरली. एका खेपेत मंजूर. क्लार्क म्हणाला, इतका स्वच्छ अर्ज बघितला नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार.
बंदर. विमानतळाच्या बेटाकडे जाणाऱ्या बोटीत चढताना तिची पेटी मी तोलली, १९.४ किलो. नियमात बसते. तिने सूचना दिल्या: मीठ कुठे, चटया कधी वाळवायच्या, रात्री पाऊस आला तर कोणाला हाक मारायची. मी म्हटलं, नव्वद दिवसांचाच प्रश्न आहे. ती म्हणाली, हो, लगेच येते.
सुलिया 'पाठवा, मी वाचते' म्हणाली होती, अगदी त्याच आवाजात.

१ डिसेंबर.
माणशी जागा आता १२.४ चौरस मीटर. दुप्पट. तक्त्यात भरलं नाही.
जेवायला सेफोच्या बायकोने पाठवलं.

९ डिसेंबर.
सेफो बाराही जणांना घेऊन आला. जानेवारीत निघणार, फॉर्म आजच्या आज हवेत. दुपारी दोन ते सहा लिहीत होतो. नाव, वय, उंची, वजन. वजन अंदाजे लिहू दिलं नाही, बंदरावरचा काटा मागवला. नर्स जानेवारीची वाट बघत बसली नाही, ती मागच्याच आठवड्यात गेली; तिच्या जागी तिचा भाऊ.
फॉर्मवर तेरावा प्रश्न: आपल्या गैरहजेरीत घरच्या वृद्धांकडे कोण बघणार?
पहिल्याने माझ्याकडे पाहिलं, पेन्सिलकडे पाहिलं आणि म्हणाला, तुईलोमा. दुसरा म्हणाला, तुईलोमा. सेफोने आईचं नाव सांगितलं, तिचा गुडघा कोणता दुखतो ते सांगितलं, मग खाली बघून म्हणाला, तुमचंच लिहा. प्रत्येकाला म्हटलं, नीट विचार कर. प्रत्येक जण म्हणाला, केला.
बारा फॉर्म, बारा वेळा माझं नाव. अक्षर कुठेही बिघडलेलं नाही. म्हातारी माणसं एकूण सतरा, त्यांतली चार चालत नाहीत. सकाळी नऊ माणसं, दुपारी आठ, असं वेळापत्रक आखून ठेवलं आहे. नखं कापायला कात्री लागेल. घरातली कात्री मोएलांगी घेऊन गेली.