मिठागराची शेवटची गोण

पनवेल,
२१ नोव्हेंबर २०२४

प्रिय रिया,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत. आईंचे गुडघे दुखतात, तरी रोज गल्लीभर तुझी बातमी सांगून येतात. धाकट्या सुनेला तिसरा महिना लागलाय, हे भाजीवालीलासुद्धा ठाऊक झालंय. मी, थोरली सून, पिशवी धरून मागे उभी. भाजीवाली माझ्याकडे बघून म्हणते, "तुमचंही होईल हो ताई." परवा मी कोथिंबीर न घेताच घरी आले.

रविवारी हितेशभाऊजी तुला भेटायला जासईला येतील तेव्हा ही चिठ्ठी देतील. फोनच केला असता, पण तू स्पीकर लावून बोलतेस आणि तुझ्या माहेरी बोललेलं संध्याकाळपर्यंत आईंच्या कानावर येतं.

उलट्या थांबल्या का? मासळीचा वासही नकोसा झालाय म्हणे. आगरी घरात मासे न खाणारी सून, आणि तिचंही कौतुकच. मी एकदा तापात कोलंबी नको म्हटलं, तर आई म्हणाल्या होत्या, "थेरं हायत नुसती."

असो. मला मिठाबद्दल लिहायचंय आणि तेच लिहिणं होत नाहीये.

आपलं मिठागर सरकारी प्रकल्पात गेलं तेव्हा आईंनी शेवटच्या हंगामाची एक गोण पलंगाखाली ठेवली. सून पोटुशी राहिली की तिला घरच्या आगरातलं मीठ द्यायचं, ही आपल्याकडची रीत. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्या गोणीभोवतीचा केर काढतेय. एकदा आमटीत चिमूटभर घालायला गेले, तर आईंनी माझा हात धरला. "तुजी येल आली का मंग घे."

माझी वेळ आली नाही. तुझी आली आणि गोण उसवली गेली. तुझ्याकडे पाठवायला गाडीत ठेवताना आईंनी तिला हळदकुंकू लावलं. मी आत जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासली, आपटत. सरळच लिहिते, जळले मी. तुझ्यावर, तुझ्या बाळावर, त्या मिठावरसुद्धा.

सोमवारी माझ्या थायरॉईडच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. त्यांनी विचारलं, "घरात मीठ कुठलं?" मी फणकाऱ्याने म्हटलं, "पुडीचं. घरचं माझ्या नशिबात कुठलं!" त्या म्हणाल्या, "बरंच झालं." आगरातल्या मिठात आयोडीन जवळजवळ नसतंच, पुडीच्या मिठात ते मुद्दाम घालतात. थायरॉईडला ते लागतंच, आणि पोटात बाळ असताना जास्त लागतं, बाळाचा मेंदू घडायला. समुद्राच्या मासळीतून थोडं मिळतं. तू तर मासळीही सोडलीस.

रिक्षात बसले आणि आधी बरं वाटलं. ज्याच्यासाठी इतकी जळले ते काही फार मोठं नव्हतंच, म्हणून. घर येईपर्यंत ते बरं वाटणं संपलं. तुझाही थायरॉईड वाढलाय, गोळी सुरू झालीय, असं भाऊजी म्हणाले होते ते आठवलं.

आईंना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "आमी पाच पोरं वाढवली ह्याच मिठावर. तुला बघवत नाय, तसं बोल." तेव्हा घरात रोज मासळी शिजत होती, हे त्या विसरल्या. बाकी त्यांचं खरं आहे. मला बघवत नाही. पण म्हणून मिठाची गोष्ट खोटी होते का गं?

भाऊजींबरोबर आयोडीनच्या मिठाच्या पुड्या पाठवतेय. नेहमीइतकंच घाल, जास्त नको. गोळी सोडू नकोस आणि स्वतःच्या मनाने दुसरं काही घेऊ नकोस. तुझा रिपोर्ट मिठामुळेच बिघडला असं मी म्हणत नाही, ते तुझे डॉक्टर सांगतील. पण आगरातलं मीठ खातेय, हे त्यांना आठवणीने सांग. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, त्यांनाच विचार. जळणाऱ्या बाईचं कोण ऐकतं?

आणि उरलेली गोण भाऊजींबरोबर परत पाठव. आई म्हणतील, शेवटी घेतलीच हिने. म्हणू देत. मी त्यातला खडाही तोंडात घालणार नाही. माझ्या पलंगाखाली ठेवीन. मला ती नुसती हवी आहे.

अजून जळतेय, तरी तुझीच,
रोशनी