पहिल्या प्रवेशातल्या चपला

१२ जानेवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कान धर. तालमींनी पार पिट्ट्या पाडलाय. नवं नाटक शोकांतिका आहे. नायकाचा मुलगा पडदा उघडण्याआधीच गेलेला, आणि माझा पहिला प्रवेश दुसऱ्या दिवशीचा. मी येतो आणि धाय मोकलून रडतो. दिग्दर्शक म्हणतात, रडणं दिसतंय, माणूस दिसत नाही. हा बाप कसा आहे हे सुरुवातीलाच कळलं नाही तर पुढचे तीन अंक फुकट. शनिवारपर्यंत जमलं नाही तर भूमिका दुसऱ्याकडे जाईल. पंधरा वर्षं भालदार-चोपदार झाल्यावर मिळालेली भूमिका आहे गं.

विचारू नये ते विचारतो. आपलं पिल्लू, माझा भाचा, गेला तेव्हा मी दौऱ्यावर होतो, पोचलोच नाही. त्या दिवशी भाऊजींनी काय केलं? रागावलीस तरी उत्तर दे. तुझी माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझा,
नाटक्या

१६ जानेवारी

चि. नाटक्या यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी फाडावंसं वाटलं. मग वाटलं, कोणी विचारलं तरी. इथे सगळे विषय टाळतात.

घर माणसांनी भरलं होतं. आत रडारड, आणि हे दारात बसून लोकांच्या चपला लावत होते. लावून झाल्या की पुन्हा हलवायच्या. शेजारीण म्हणाली, काळीज आहे की दगड. पुस्तकं बांधणारा माणूस, कागदाचा कोपरा दुमडलेला त्यांना खपत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मी मनातून शेजारणीच्या बाजूची झाले.

चार महिने हो-नाहीपलीकडे शब्द नाही. वॉर्डात मी वीस रोगी सांभाळते, घरात एक माणूस सांभाळता येत नाही. बॅग भरून ठेवली आहे. यातलं काहीच कोणाला सांगू नकोस. जेवत जा वेळेवर.

तुझी,
ताई

१० फेब्रुवारी

चि. नाटक्या यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या पासांवर आम्ही दोघं आलो. पडदा उघडला तर तू दारात बसून चपला जुळवतोयस. कोणाला सांगू नकोस म्हटलं ते तू सहाशे लोकांना सांगितलंस. चांगली खरडपट्टी काढणार होते.

पण एकेक जोड तू इतक्या हलक्या हाताने लावलास, की मला हे दिसले. स्वतःवर आभाळ कोसळलेलं असताना दुसऱ्याची सोय बघणारा माणूस, आणि मी त्यांना दगड समजत होते. खूप रडले. शेजारी बघितलं तर खुर्ची रिकामी. डोकं दुखत होतं म्हणे.

बॅग रिकामी केली. रविवारी पुन्हा येते, एकटीच. तुझे उपकार मानत नाही, डोक्यावर बसशील.

तुझी,
ताई

१३ फेब्रुवारी

प्रिय नाटक्यास,
स. न. वि. वि.

तुला माझं हे पहिलंच पत्र. नाटक आवडल्याचं कळवतो, असं तुझ्या ताईला सांगून पत्ता घेतला.

मी चपला जुळवत नव्हतो. जोड्या मोडत होतो. एक पायरीवर, दुसरी दाराआड. लोकांना त्या लवकर सापडू नयेत, त्यांनी थोडं आणखी थांबावं म्हणून. सगळे गेले की ती आणि मीच उरणार होतो, आणि ती विचारणार होती, ताप कधी चढला.

डॉक्टरांना मी सांगितलं, दुपारी चढला. तो सकाळीच चढला होता. घाईचं काम होतं, पुठ्ठ्यांना खळ लावलेली, वाळली असती. पोराला म्हटलं, झोप, उतरेल. ती नर्स आहे, एक फोन केला असता तर धावत आली असती. केला नाही.

तिने अजून विचारलेलं नाही. त्या प्रयोगापासून मात्र वाढताना खांद्यावर हात ठेवते. ते मला सोसत नाही.

रविवारी ती समोर असेल. त्या दिवशी जोड्या लावू नकोस, मोड. आणि तोंडी एवढंच वाक्य घाल, की ताप सकाळपासून होता. पाच महिने मला ते बोलता आलं नाही.

लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही. नाटक सुटलं की ती म्हणेल तिथे तिला सोडून ये.

तुझा,
भाऊजी