वेगळं ताट

कोरीट,
ता. ५ ऑक्टोबर २०२५

चि. दिपाली,

आशीर्वाद. बापाचं पत्र पाहून घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. मोबाईल असताना कागद कशाला, तर तुझा फोन आला की मी "आईला देतो" म्हणून मोकळा होतो, हे तुला ठाऊक आहेच.

मिरची लाल व्हायला लागली. कापूसही बरा आहे. गुडघे दुखतात म्हणत तुझी आई दिवसातून दहादा गच्चीवर जाते. पुरणाच्या मांड्यांसाठी गहू वाळत घातलेत. कोणासाठी ते मी विचारलं नाही.

तू तिला पाठवलेलं वर्तमानपत्राचं कात्रण मी आधी वाचलं. मोठे माकूळ, म्हणजे स्क्विड, झुंडीनं येऊन बांगडा फस्त करतात, अशी तुमच्या रत्नागिरीच्या मच्छीमारांची तक्रार होती. तू तपासणीसाठी चारशे माकुळांची पोटं फाडलीस, किती मासे गिळलेत ते कळावं म्हणून आत सापडलेले माशांच्या कानातले खडे मोजलेस आणि भर सभेत सांगितलंस, की माकूळ खादाड खराच, स्वतःच्या भाऊबंदांनाही सोडत नाही. पण त्याहून जास्त बांगडा कोवळा असतानाच आपल्या बारीक जाळ्यांत जातो. अर्धी सभा उठून गेली म्हणे. तू मात्र उरलेल्यांना आकडे सांगत राहिलीस. मी ते कात्रण तीनदा वाचलं.

दुसऱ्या दिवशी शेतात गेलो. बोंडं गळत होती, आणि मी गावभर बोंडअळीच्या नावानं शंख करत होतो. कृषी सहायक म्हणाला, आधी मोजा. वीस हिरवी बोंडं तोडली, ब्लेडनं चिरली. अळ्या निघाल्या दोन. बाकीची गळ मी दिलेल्या जास्तीच्या पाण्यानं होती.

चिरताना एक अळी बोटाखाली चिरडली. हात धुतले आणि घरी येऊन सरळ चुलीपाशी जेवायला बसलो. मला कोणी दाराबाहेरच्या ओट्यावर आंघोळीला पाठवलं नाही. पहिला घास तोंडात घेतला आणि तू आठवलीस.

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीला तुला आधी ओट्यावर आंघोळ करायला लावली. मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर वेगळं ताट मांडलं. आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या मासळी-मटणाचं वशाट शिजलेलं नाही, पोटं फाडणारे हात आईला चालत नाहीत, असं मी तुला सांगितलं. तू तिथंच जेवलीस आणि दुसऱ्याच दिवशी सुरतमार्गे परत गेलीस. त्यानंतर दोन दिवाळ्या तुला रजा मिळाली नाही.

आई असं काहीच म्हणाली नव्हती, पोरी. ते ताट मी काढलं होतं. मला किळस आली होती, आणि गावात लोक काय म्हणतील याची भीतीही होती. स्वतःच्या तोंडानं सांगायची हिंमत नव्हती, म्हणून तिचं नाव पुढं केलं. तू तिच्यावर रुसलीस. तिनं ते मुकाट सोसलं.

चार दिवसांपूर्वी मी तिच्यापाशी हे कबूल केलं. भाकरी थापतच ती म्हणाली, "ताट तुम्हीच येगळं करं, नाव मन्हं सांगं. माले माहीत शे." ताट मी वेगळं केलं आणि नाव तिचं सांगितलं, हे तिला आधीपासून ठाऊक होतं. मग म्हणाली, "पोरले लिखा."

म्हणून हे पत्र. माझं चुकलं.

ते ताट माळ्यावर होतं, काढून घासलं. काठ चेपलाय, वरण एका बाजूला पळतं. आई हसते. दिवाळीला ये. खरंच रजा नसेल तर तसं कळव, आम्ही दोघं मांडे घेऊन रत्नागिरीला येतो. आलीस तर ओट्यावर थांबू नकोस. सरळ आत ये, चुलीपाशी, आईच्या ताटात जेव.

चार दिवसांपासून तुझ्या ताटात जेवणारा,
तुझा बाप