काळ्या कापडाखाली

प्रिय बाबा,

इथूनच पाया पडते. मी मजेत आहे. खोकला गेल्यातच जमा आहे, आईला उगाच घाबरवू नका.

आज मोठ्या कॅमेऱ्यासाठी वाइड लेन्स घेतली. दुकानाच्या गच्चीवर दोन-तीन लेन्स लावून बघितल्या. सगळ्यात रुंद लेन्समध्ये अख्खी दरी मावली, पण समोरचा डोंगर वारुळाएवढा झाला. दुकानदार म्हणाला, "अहो, सगळं तर येतंय!" म्हटलं, "मला डोंगर हवाय, वारूळ नको." जरा कमी रुंद घेतली. पाठीलाही हलकी.

डोळ्यांत औषध न विसरता घालता ना?

कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर उमटणारं चित्र बघायला स्टुडिओतलं तुमचंच काळं कापड डोक्यावर घेते. मुद्दाम धुतलेलं नाही, अजून तुमच्या तेलाचा वास येतो. आज त्यात बराच वेळ डोकं खुपसून उभी होते. दुकानदाराला वाटलं, लेन्स पारखतेय.

तुमची,
धाकटी