वारा फिरला तेव्हा

शिरपूर,
१४ ऑक्टोबर २०२४

चि. प्रज्ञास अ. उ. आ.

शिडाच्या बोटीने तुम्ही सहा जणी गोव्याहून निघालात, त्याला नऊ दिवस झाले. तुझे चार ओळींचे निरोप तुझ्या भावाच्या, भूषणच्या मोबाइलवर येतात, पण त्यांनी पोट भरत नाही. चाळीस वर्षे टपाल वाटले; मला पत्रच खरे वाटते. म्हणून हे मॉरिशसच्या बंदरावर धाडतो आहे.

तुझी आई अजून अबोला धरून आहे. ज्या पोरीला मी तापीत पोहायला धाडलं नाही ती समुद्रात गेली, एवढेच म्हणते. मात्र रोज भूषणला विचारते की तिकडे वारा कसा शे. तुझे नाव घेत नाही.

जीव सांभाळ. आमची माया तुझ्यासोबत आहेच, ती ओळखून राहा.
तुझे आबा

पोर्ट लुई, मॉरिशस,
२ नोव्हेंबर २०२४

ती. आबांस सविनय जयभीम वि. वि.

तुमचे पत्र इथे माझ्या आधी पोचले होते! हे उत्तर लिहून त्याचा फोटो भूषणला पाठवते आहे. आईला दाखवू नका.

विषुववृत्ताजवळ वारा तीन दिवस पडला. शिडे नुसती लोंबत होती. मग ढग येऊ लागले आणि प्रत्येक ढग आपला वेगळा वारा घेऊन येई. कप्तान दीपमालाताईंनी बजावले होते की ढग दिसला की आधी शीड कमी करायचे आणि त्याच्याखालचा आडवा दांडा दोराने बांधायचा. त्या सकाळी सुकाणू माझ्याकडे होते. मागून छान वारा लागला होता. तीन दिवस वाया गेले, आता थोडे अंतर कापून घेऊ, असा मला मोह झाला. ढग दिसत असून मी दांडा बांधला नाही.

वारा फिरला. शिडाच्या पाठीमागून शिरला आणि दांडा एका झटक्यात दुसऱ्या बाजूला गेला. आमच्यातली रूपा चहा घेऊन वर येत होती. तिच्या गळ्याजवळचे हाड मोडले. डॉक्टरांनी फोनवर सांगितले तसा हात बांधून तिने अकरा दिवस काढले. माझ्यावर एकदाही रागावली नाही, उलट मला हसवत राहिली. काल ती विमानाने पुण्याला गेली.

त्या दिवसानंतर मी सुकाणूला हात लावलेला नाही, फक्त स्वयंपाक केला. बोटीबरोबर पुढे केप टाऊनला जायचे की नाही हे आठ तारखेपर्यंत ठरवायचे आहे. माझ्या जागी दुसरी मुलगी तयार आहे. मला वाटते, परत यावे.

रागवा, पण आपली म्हणत राहा.
प्रज्ञा

शिरपूर,
५ नोव्हेंबर २०२४

चि. प्रज्ञास तुझ्या आईचा आशीर्वाद.

पत्र मी वाचलं. हे उत्तर भूषण फोटो काढून तुला धाडेल. तुझ्या आबांनी जन्मभर लोकांची पत्रं पोचवली, त्यांना घरातलं एक लपवता येईना.

मी भूषणकडून नंबर घेऊन रूपाच्या आईला फोन केला. माझ्या पोरीच्या हातून झालं, असं सांगितलं. ती माउली आधी खूप बोलली. मी ऐकून घेतलं. मग रडली. शेवटी म्हणाली, रूपा बरी आहे, पण तुमची मुलगी तिचा फोन उचलत नाही. हे मला पटलं नाही, प्रज्ञा.

आम्ही खळ्यावर ज्वारी उपणायचो तेव्हा वारा फिरला की सूप खाली ठेवायचो आणि बाजू बदलायचो. घाई करणारीच्या डोळ्यांत भूस जायचं, कधी शेजारणीच्याही. वारा काही कोना बापना नई शे.

समुद्राची भीती वाटत असेल तर परत ये. घर तुझंच आहे, कोणी हसणार नाही. पण शिक्षा म्हणून येऊ नको. तू घरी बसल्याने त्या पोरीचं हाड जुळणार नाही.

आधी तिला फोन कर.
द्रौपदाबाई

केप टाऊन,
६ डिसेंबर २०२४

ती. आईस सविनय जयभीम वि. वि.

रूपाला फोन केला. तिने पहिल्यांदा मनसोक्त शिव्या घातल्या. मला फार बरे वाटले.

अठ्ठावीस तारखेला दुपारी, सुकाणू पुन्हा माझ्याकडे असताना, उत्तरेचा वारा एकाएकी मंदावला आणि नैऋत्येला ढगांची काळी रेघ दिसली. मी शीड कमी करायला लावले, दांडा बांधला, सगळ्यांना खाली जायला सांगितले. वीस मिनिटे काहीच झाले नाही. वेग गेला होता. मुली खालून माझ्याकडे बघत होत्या. तरी मी शीड पुन्हा उघडू दिले नाही. मग वारा उलट्या बाजूने असा आला की बोट कुशीवर गेली, आणि उभी राहिली. सगळ्या जणी धड होत्या.

आई, इथे आम्ही दहा दिवस आहोत. पत्र लिहिलेस, आता एकदा फोन कर. तुझा आवाज ऐकून दोन महिने झाले. लोभ आहे हे कळलेच, तो बोलताही व्हावा.
प्रज्ञा