वाइडेनफेल्सची कप्पी

३ सप्टेंबर १४८८, वाइडेनफेल्स

पोचलो एकदाचा. गाव दिसायला गोजिरवाणं आहे, हे कबूल करतो. नदीच्या वळणावर तटबंदी, वर उतारावर द्राक्षमळे, आणि सगळ्यावर कोवळं ऊन. माणसं बघितल्यावर मात्र वाटलं, देवाने सगळी मेहनत मळ्यांवरच संपवली आणि माणसं उरल्यासुरल्या चिखलातून उरकून टाकली. वेशीवरच्या पहारेकऱ्याने माझं नेमणुकीचं पत्र उलटं धरून वाचलं आणि गंभीरपणे मान डोलावली.

मी यॉडोकस हासलर, बोलोन्याला कायदा शिकलेला, या गावाचा नवा लेखनिक. आधीचा लेखनिक उन्हाळ्यात तापाने गेला. त्याची लॅटिन वाचून बिशपच्या कचेरीत लोक पोट धरून हसायचे म्हणे. आता हसणार नाहीत.

उतरलो आहे आपोलोनिया नावाच्या विधवेकडे. नदीकडच्या आळीत तिचा बीयर गाळायचा धंदा आहे. दंड पिंपाएवढे, तोंड त्याहून मोठं. माझे हात निरखून म्हणाली, "हे हात आहेत की वाफवलेले मासे? पंडित, या घरात पाणीसुद्धा ज्याचं त्याने शेंदून घ्यायचं असतं." असल्या बाईशी वाद कोण घालणार? पाणी शेंदलं. बीयर उत्तम आहे, हे मात्र तिला सांगितलं नाही.

७ सप्टेंबर

आज नगरसभेच्या इमारतीखालचं तळघर पाहिलं. चौकशी तिथे होते, आणि लेखनिकाने तिथे बसून आरोपीचा शब्दन् शब्द उतरवून घ्यायचा असतो. नगरशेठ गॉटशाल्क स्वतः दाखवायला आले. वरचे निम्मे मळे त्यांचेच. मऊ आवाज, मऊ हात. जिन्यात म्हणाले, "पंडित, पायरी ओली आहे, जरा जपून." जणू काही मुलीच्या सासरी घेऊन चालले आहेत.

खाली जल्लाद फाइट उभा होता, नवी विजार घालून. त्याच्या शेजारी बसून गावात कोणी पीत नाही. त्यामुळे पाहुणा आला की या गड्याला सणच. त्याने एकेक वस्तू हौसेने दाखवली. छताला कप्पी आणि तिच्यावरून दोर. हात पाठीमागे बांधून माणसाला वर ओढायचं, पायाला दगड लटकवायचे. भिंतीशी एक शिडी, तिच्यावर माणूस ताणतात. पोटऱ्या दाबायच्या फळ्या. आणि अंगठ्यांचा शिकंजा: दोन लोखंडी पट्ट्या, त्यांच्यात मळसूत्र.

या खोल्यांच्या गोष्टी लहानपणापासून ऐकत आलो. वाटलं होतं, काहीतरी भव्य असेल. बघतो तर काय, द्राक्षं पिळायच्या घाण्याचे सुटे भाग. हे शोधायला बुद्धी लागलेली नाही. कधीतरी कोण्या मूर्खाला द्राक्ष आणि माणूस यांतला फरक कळेनासा झाला, एवढंच.

१५ सप्टेंबर

काल दुपारी गारा पडल्या. तोडणी तोंडावर आलेली, आणि वरचे मळे पार झोडपून निघाले. काळा ढग दिसला की चर्चच्या घंटा वाजवायच्या, म्हणजे गारा फुटून विरघळतात, असा इथल्या लोकांचा विश्वास. काल घंटा वाजल्या नाहीत. त्या वाजवणारा गांगोल्फ मनोऱ्याच्या पायथ्याशी झिंगून पडला होता.

दारुडा झोपला, असं मात्र कोणी म्हणत नाही. गाव म्हणतं, त्याने घंटा सैतानाला विकल्या. आपोलोनियाबाईंनी पिंप घासता घासता आपलं मत दिलं: "सैतानाने घंटा घेऊन करायचं काय? आणि गांगोल्फशी व्यवहार करण्याइतके वाईट दिवस त्याच्यावर आलेत होय?" गावात अक्कल आहे ती एवढीच, आणि तीही बीयरच्या पिंपात.

१८ सप्टेंबर

गांगोल्फची पहिली चौकशी झाली. त्याला वर ओढलं तेव्हा कप्पी अशी करकरली की त्याचे शब्दच ऐकू येईनात. मी फाइटला म्हटलं, तिला तेल घाल, मला लिहायचं असतं. तो ओशाळला.

कबुली तर काय वर्णावी. म्हणे सैतान मनोऱ्याच्या दारात आला, टोपीत कोंबडीचं पीस, हातात डुकराच्या रक्ताची सॉसेज. सॉसेज दिली आणि म्हणाला, झोप बाबा. बस्स, एवढंच. हसू दाबताना माझी जीभ चावली गेली. नगरसभेचे सभासद मात्र छातीवर क्रूसाची खूण करत होते. नंतर गांगोल्फला खाली सोडलं, तेव्हा त्याचे हात कोटाच्या रिकाम्या बाह्यांसारखे लोंबत होते. ते मला बघवलं नाही. मी टाक साफ करत बसलो.

२० सप्टेंबर

नगरशेठांकडे दुपारचं जेवण. भाजलेला मासा आणि मागच्या सालची वाइन. विषय अर्थात सैतानाचा. मला राहवेना. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. म्हटलं, महाशय, कोंबडीचं पीस आणि सॉसेज? हा सैतान नव्हे, जत्रेतला भामटा. खरा सैतान येईल तो विद्यापीठातून. लॅटिन अस्खलित बोलेल, नखं स्वच्छ असतील, आणि तुमच्या सगळ्यांपेक्षा शहाणा असेल.

सगळे हसले. नगरशेठ जरा उशिरा हसले. मग माझा पेला भरत त्यांनी विचारलं, "नखांचं काय म्हणालात?"

मी पुन्हा सांगितलं.

२४ सप्टेंबर

गांगोल्फला पुन्हा खाली आणलं. आज प्रश्न नगरशेठांनी लिहून आणले होते. तो लॅटिन बोलत होता का? गांगोल्फने विचारलं, लॅटिन म्हणजे काय. त्याला वर ओढल्यावर म्हणाला, हो, बोलत होता. नखं स्वच्छ होती का? होती. शिकलेला वाटत होता का? फार शिकलेला.

माझा विनोद मी माझ्याच हाताने, शुद्ध लॅटिनमध्ये, कबुली म्हणून उतरवून घेतला.

मग विचारलं, तिथे आणखी कोण होतं. त्याने खोलीभर नजर फिरवली, जणू कोपऱ्यात कोणी उभं आहे. शेवटी म्हणाला, आपोलोनिया. गेल्या सणाला तिने त्याला कॉलर धरून दाराबाहेर काढलं होतं. सगळ्या आळीने पाहिलं होतं.

घरी आलो. तिने डुकराचं मटण आणि सलगम वाढलं. म्हणाली, "पंडित, आज घास फिरतोय तोंडात. कोणाचं पाप लिहून आलात?" चौकशीतलं बाहेर बोलणार नाही, अशी शपथ आहे. शिवाय तसल्या गाढवाचं बोलणं कोण खरं मानणार? मी सांगितलं नाही.

२७ सप्टेंबर

खरं मानलं. सकाळी येऊन तिला नेलं. तिने फक्त चुलीवरचं भांडं उतरवायला वेळ मागितला.

३० सप्टेंबर

गांगोल्फला जाळलं. लोक मुलंबाळं घेऊन आले होते, गरम पाव विकले गेले. असल्या लोकांबद्दल लिहून शाई कशाला वाया घालवू?

४ ऑक्टोबर

आपोलोनियाबाईंची चौकशी. कप्पीला आता अजिबात आवाज नाही. फाइटने माझ्याकडे बघून मान झुकवली, शाबासकी मिळेल म्हणून.

ती वर गेली. शब्दन् शब्द ऐकू येत होता.

नगरशेठांनी मऊ आवाजात विचारलं, की बाई, लॅटिन बोलणारा, स्वच्छ नखांचा एक शिकलेला गृहस्थ तुमच्या घरी उतरला आहे, होय ना? प्रश्न लिहून झाल्यावर मला त्याचा अर्थ लागला. माझा हात तिथेच थांबला. सभासद माझ्याकडे बघत नव्हते. ते माझ्या नखांकडे बघत होते.

ती वरून म्हणाली, थांबत थांबत, "तो? त्याला घागर शेंदता येत नाही. तो कसला सैतान. तो नुसता दीडशहाणा आहे. खाली घ्या मला, किंवा घेऊ नका. पण असलं काही विचारू नका, लाज वाटते तुमची."

दगड वाढवले. तिने नाव घेतलं नाही. माझंही नाही, कोणाचंच नाही.

मी ते सगळं लिहिलं. दीडशहाणा या शब्दाला लॅटिनमध्ये नीट शब्द नाही.

९ ऑक्टोबर

तिची शेवटची, तिसरी चौकशी. तीन वेळा सोसूनही कबूल न करणाऱ्याला सोडावं लागतं, असा इथला नियम. नगरशेठ नियमाचे पक्के. तिला ढकलगाडीवर घालून घरी पोचवलं.

मी सामान हलवलं. चर्चच्या आवारात एक खोली मिळाली आहे, ओली आहे. तिच्या घरी राहणं आता शहाणपणाचं नाही.

१६ ऑक्टोबर

तिला भेटायला गेलो, भर दुपारी, लोक बघत असताना. याहून मोठं धाडस माझ्या आयुष्यात नाही, आणि ते किती लहान आहे तेही मला कळतं.

खुर्चीत बसली होती. हात मांडीवर ठेवलेले. तिने नव्हे, कोणीतरी ठेवून दिलेले. सून चमच्याने भरवत होती. मी काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, लॅटिन वळणाचं एक लांबलचक वाक्य. तिने बोलू दिलं नाही. म्हणाली, "आलात? बसा, पंडित. बीयर तेवढी तुमची तुम्ही ओतून घ्या."

मला बसता आलं नाही.

२३ ऑक्टोबर

एका खोगीर शिवणाऱ्याला धरलं आहे. शिकंज्याच्या पहिल्या फेऱ्यालाच बोलू लागला. लॅटिन. नखं. काळा झगा. विचारायच्या आधीच सांगत होता. गावाला आता ते पाठ आहे, मुलं गल्लीत तेच खेळतात.

झगा माझ्या विनोदात नव्हता. तो त्यांनी स्वतः जोडला.

२५ ऑक्टोबर

बेकरीवाल्याने पाव फळीवर ठेवला, हातात दिला नाही. पाद्रीबुवा म्हणाले, खोली सोडा, छत दुरुस्त करायचं आहे. छत ठीक आहे.

नगरशेठांना भेटलो. सगळं समजावलं: तो विनोद होता, जेवणावर, तुम्हीही हसलात. ते म्हणाले, हसलो खरा, आणि त्याबद्दल पाद्रीबुवांकडे जाऊन प्रायश्चित्त घेतलं. मग हळूच म्हणाले, "पण पंडित, तो कसा दिसतो ते तुम्हाला आधीच कसं ठाऊक होतं?"

ढोंग नव्हतं ते. याला मी मूर्ख समजत होतो, लबाड समजत होतो. त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

२८ ऑक्टोबर

खोगीरवाला कोठडीतच मेला. शेवटी कोणाचं नाव घेतलं, ते मला लिहू दिलं नाही.

२९ ऑक्टोबर

वेशीवर गेलो. पहारेकरी म्हणाला, तुम्हाला बाहेर सोडायचा हुकूम नाही. पत्र दाखवलं. उलटं धरलं नाही त्याने या वेळी— बघितलंच नाही.

३१ ऑक्टोबर

नगरसभेत माझ्या खुर्चीवर एक तरुण बसला होता. नवा लेखनिक. पाडुआला शिकलेला. मला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं, मी या गावातल्या लोकांकडे बघतो तसं.

२ नोव्हेंबर

पायऱ्यांवर आवाज— पाद्रीबुवांचे नव्हेत— बरेच जण आहेत—

तारीख कळत नाही

कागद आणि माझी ही वही त्यांनीच आणून दिली. पंडित आहे, स्वतः लिहील, असं नगरशेठ म्हणाले.

डावा अंगठा— त्याकडे बघत नाही. उजवा राखला आहे. लिहायला लागेल म्हणून.

मी कोण, ते लिहून दिलं. कोणी पाठवलं, लिहून दिलं. गारा, घंटा, झगा. सोपं गेलं. शुद्ध लिहिलं. नव्या लेखनिकाने एक विभक्ती सुधारली.

आता एकच जागा कोरी. आणखी कोण होतं.

गांगोल्फ लिहिलं. खोगीरवाला लिहिलं. फाइट म्हणाला, "मेलेली नकोत साहेब, जिवंत सांगा."

जिवंत—

पहारेकऱ्याचं नाव काय? बेकरीवाल्याचं? तिच्या सुनेचं? दोन महिने यांच्यात राहिलो, एकाचंही नाव विचारलं नाही. विचारावंसं वाटलंच नाही. ज्यांची ठाऊक आहेत ते टेबलापलीकडे बसले आहेत. आणि एक—

तिचं नाही. ते लिहिणार नाही. ती तीनदा— तिने माझं—

फाइट उजव्या बाजूला येऊन उभा राहिला. पट्ट्या पुसतो आहे.

एकच नाव ठाऊक आहे मला या गावात. एकच. तिचे हात तर गेलेच आहेत— आता तिला आणखी काय—

नदीकडच्या आळीत. बीयर गाळते. विधवा. आपोलो